मुंबई ते कुवेत

बिलकीस मुकादमने विचारलं, बाई, कुवेत किती लांब?
मी भिंतीवरच्या नकाशाला सुतळी लावली,
मुंबईच्या टिंबावर अंगठा, कुवेतच्या टिंबावर करंगळी,
सुतळी पट्टीवर ठेवली, प्रमाणाने गुणली.
साधारण पावणेतीन हजार किलोमीटर.
विमानाने चार तास, वाऱ्याप्रमाणे थोडं मागेपुढे.
मुलींनी वहीत उतरवून घेतलं.
असले प्रश्न मी परीक्षेत घालते, त्यांना ठाऊक आहे.

तेवढ्यात खिडकीवरून एक गेलं.
आमच्या मरोळच्या शाळेत वाक्य अर्ध्यावर ठेवतात,
आवाज ओसरला की तिथूनच उचलतात.
वर्षाकाठी एखादा अख्खा धडा
असाच जात असेल पोटाखालून.

बिलकीस खाली बसली नव्हती.
म्हणाली, पण अब्बा इथून रात्री नऊला उडाले
आणि तिथे साडेदहाला उतरले. दीडच तास.
तिथून नऊला निघतील तेव्हा
इथे पहाटेचे साडेतीन वाजतील. साडेसहा.
जाणं एवढं जवळ आणि येणं एवढं लांब कसं?

मी पृथ्वी फिरवून दाखवली, रेखावृत्तं मोजून दाखवली,
सूर्य आधी आपल्या दारात, मग त्यांच्या.
सगळं बरोबर होतं.
तिने मानही हलवली.
वह्या तपासताना मात्र पाहिलं, समासात बारीक अक्षरात:
जाणे दीड तास, येणे साडेसहा तास.
लाल पेनाचं टोपण काढलं.
परत लावलं.

संध्याकाळी सहारला घरी हे पप्पांना सांगितलं.
ते ओट्यावर बोंबील साफ करत होते.
म्हणाले, फिलू, पण तू मुंबई कुठून धरलीस?
म्हटलं, टिंबापासून.
टिंब कुठे आहे?
ते मला सांगता येईना. बीएडला कोणी विचारलं नव्हतं.

धरायचं तर लांबोळीपासून धर, म्हणाले.
लांबोळी म्हणजे आमचं भाताचं शेत,
आता धावपट्टीच्या पोटात कुठेतरी.
कागद झाले, पैसे झाले, ते पैसे
आत्याच्या लग्नात आणि एका बुडालेल्या टेम्पोत गेले.
आजोबा जोत घेऊन या बांधाहून त्या बांधाला जात
तेव्हा एक विडी संपे.
आणि परतताना?
परतताना पण एकच, पप्पा म्हणाले,
लांबोळीत जाण्यायेण्याला फरक नव्हता.

मग बोंबलाचं डोकं उडवून म्हणाले,
त्या पोरीला सांग, तिचं बरोबर आहे.
मी म्हटलं, भूगोलात ते चूक धरतात.
धरू देत.

रात्री जेवायला बसलो. नऊ वाजून गेले होते.
आधी ताटल्या किणकिणल्या, मग भिंतीवरचा क्रूस,
मग तो ओळखीचा घरघराट, जमीन सोडण्याआधीचा.
पप्पांनी घास हातात तसाच ठेवला
आणि ओठांत मोजलं, एक, दोन, तीन.
लांबोळी संपली, म्हणाले.
इथून पुढचं तुझं कुवेत.
थोडं सार वाढ.