रकाना सात

शिंगटे नावाचा पोरगा फॉर्म घेऊन आला,
बूट दारात काढून, सॉक्सला भोक.
शाहूपुरीच्या उतारावर अकरा मजले, चार विंग.
त्यांच्या वतीने म्हणाला, काका,
शेजाऱ्यांची गैरसोय कंपनीला मान्य आहे.
सातव्या रकान्यात तपशील लिहा,
बाकी मी बघतो.

मी मोजणी खात्यातला. चौतीस वर्षं
लोकांच्या बांधावर साखळी ओढली,
भावाभावांच्या मध्ये हद्दीचे दगड पुरले
आणि दोघांच्याही घरी चहा प्यायलो.
मला तपशील सांगतो!
लिहायला बसलो.

पूर्वेच्या भिंतीला तडा. चार फूट दोन इंच.
त्यावर तारीख घालून काचेची पट्टी चिकटवली होती,
ब्रेकर सुरू झाल्यावर नवव्या दिवशी तुटली.
बोअर एकशे ऐंशी फूट. मोटर लावली की
आधी ढेकर, मग गढूळ.
सोलरच्या बंबाला आता सूर्य ऐकू येत नाही.
थंडीत आठच्या आत अंगणात यायचं ऊन,
ते पावणेअकराला येतं.
तोवर मालन खुर्ची उचलून त्याच्या मागे
कोपऱ्यावरच्या गिरणीपर्यंत जाते,
उधारी वसूल करायला निघाल्यासारखी.

इथपर्यंत फूट-इंच पुरले.
पुढे अडलो.

स्वयंपाकघराच्या खिडकीतून अजिंक्यतारा दिसायचा.
सगळा नाही. कड्याचा एक खांदा आणि वरचा टॉवर.
कुकरची तिसरी शिट्टी होईपर्यंत
मालन तिकडे बघत उभी असायची.
काय बघतेस? विचारलं तर म्हणायची, काही नाही.
आता त्या 'काही नाही'ला
चौरस फुटाचा काय दर लावू?

शिंगटे म्हणाला, सरसकट सव्वा लाख ठरलंय.
बागवानभाभींनी घेतले, लोखंडे पेंटरनं घेतले,
शेडगे मास्तर दोन मागतायत, बघू.
त्याने नकाशा पसरला. शंभर मीटरची लाल रेघ
आमच्या मागच्या भिंतीवर येऊन थांबलेली.
तुम्ही शेवटचे, काका. नशीब तुमचं.

रेघ बघायची सवय वाईट.
मी तिच्या पलीकडे बघितलं.

सत्त्याऐंशी साली आमचा वरचा मजला चढला.
सगळं नियमात. नकाशा मीच काढलेला,
मागे साडेसात फूट सोडलेले, इंचभर कमी नाही.
पलीकडे हौसाक्का कणशांचं परसू.
स्लॅब पडला त्या हिवाळ्यापासून
ती डोक्यावर पाटी घेऊन बोळातून पुढे यायला लागली,
रस्त्याकडेला पोतं अंथरून घेवडा वाळवायची,
सायकलवाल्यांना शिव्या घालत.
मी ऑफिसला निघताना विचारायचो,
काय हौसाक्का, आज इकडं कुठं?
ती म्हणायची, हितं ऊन बरं हाय, सायेब.

बारा-चौदा हिवाळे मी हेच विचारलं.
साखळी माझ्या खांद्यावर होती.

वास्तुशांतीला तिनं डबाभर घेवडा धाडला होता.
डबा धुऊन परत केला आम्ही,
चिमूटभर साखर घालायची राहून गेली.

ती जाऊन एकोणीस वर्षं झाली.
सून तिथंच आहे. तिच्याकडे आता
आधी यांची सावली, मग आमची.
शिंगटे, तिला फॉर्म दिलास?
ते हद्दीत येत नाहीत, काका.
कुणाच्या?
तो हसला. मलाही हसायला हवं होतं.

सातव्या रकान्यात मी माझं सगळं खोडलं नाही.
तडा खरा आहे, बोअर खरी आहे.
खाली थोडी जागा उरली होती, तिथे लिहिलं:
कणसे, हौसाबाई, मयत. वारस सून. ऊन, सत्त्याऐंशीपासून.
देणेकरी म्हणून सही केली.
पोरगा म्हणाला, असा कॉलम नाही.

कपाटातून तीस मीटरचा टेप काढला,
निवृत्तीच्या दिवशी न सांगता घरी आलेला.
मागच्या भिंतीशी त्याला उभं केलं.
शून्य इथं धर.
कुठपर्यंत जायचं, काका?
बोळात अंधार होता, दुपारचे साडेबारा.
तू धर, म्हटलं,
ढिला सोडू नको.