हौद

उदगीरला समुद्र नाही.
चौबाऱ्यापासून कुठल्याही दिशेला चालत सुटलं
तरी आधी तूर लागते, मग ज्वारी, मग कुणाचं तरी गाव.
आमच्याकडं खोल म्हणजे
दस्तगीरचाचांच्या दुकानामागचा हौद,
माझ्या तेव्हाच्या छातीइतका.

मी भाता ओढायचो. वय बारा.
चाचा स्टोव्हच्या टाकीला डाग द्यायचे,
नवसागराचा धूर डोळ्यांत जायचा,
मग हवा भरून टाकी पाण्याखाली दाबून धरायचे.
बुडबुडा आला की तिथं खडूची खूण.
"पाण्याला शिव्या देऊ नको, पोरा.
जागा दिली की ते येतं.
जागा कुणी दिली ते बघ."

जिलानी त्यांचा थोरला.
नौदलात गेला, तेही पाण्याखालच्या बोटीवर.
सुट्टीत आला की अंगाला डिझेलचा वास.
अम्मी तीनदा न्हाणीत पाठवायची, वास जायचा नाही.
थंडीतसुद्धा खाट अंगणात टाकून झोपायचा.
म्हणायचा, तिकडं नाकापासून वीतभर वर
दुसऱ्याची पाठ असते.

लढाईच्या त्या हिवाळ्यात
दिव्यांच्या काचांना निळा कागद होता.
भुरे पोस्टमन दुपारी आला
आणि सायकल हातात धरून नुसताच उभा राहिला.
तारेमागून पंधरा दिवसांनी पत्र. शाळेतल्या मास्तरांनी वाचलं:
शत्रूचा मारा नव्हे.
बुडी मारताना एक झडप उघडी राहिली असावी.
"असावी?" चाचांनी विचारलं.
मास्तरांनी ती ओळ परत वाचली.
असावी, असंच होतं.
बोट सापडली नाही. आतलं कुणीच नाही.

गायबाना नमाज झाली.
चार तकबिरी, आणि पुढ्यात मोकळी जमीन.

पुढं चावडीसमोरच्या दगडावर नावं कोरायची ठरली
तेव्हा कुणीतरी म्हणालं, गोळीनं गेलेले आधी,
मग बाकीच्यांचं बघू.
चाचा भांडले नाहीत. उठून दुकानात आले.
मला म्हणाले, "भाता ओढ."

डालड्याचा डबा कापून त्यांनी पत्रा सरळ केला.
हातभर लांब नळी, दोन्ही टोकं निमुळती.
जियारतीला कलमा पढलेले हरभरे
अम्मीनं फडक्यात बांधून ठेवले होते,
त्यातले आत सोडले, एकेक करून, ओठ हलवत.
किती ते मी विचारलं नाही.
सगळे सांधे बंद केले.
मग सुई घेऊन एका अंगाला टोचलं.

हौदात ती आधी तरंगली.
मग कलली. मग बुडबुडे,
भराभरा, मग थांबून थांबून.
चाचांच्या मुठीत जिलानीनं आणलेलं घड्याळ.
ती तळाला टेकली तरी येत होते.
मला वाटलं संपले,
मी पाय पोटाशी घेऊन झोपेला आलो होतो,
तेव्हा आणखी एक आला.
"इतका वेळ," चाचा म्हणाले.
आणि बऱ्याच वेळानं,
"इतका वेळ होता लेकरांना."

तिसऱ्या दिवशी हरभरे फुगले, सांधा उकलला.
चाचांनी बाही दुमडून तळातून सगळे वेचले,
ओलेच फडक्यात बांधून अम्मीला नेऊन दिले.
तिनं गाठ सोडून पाहिली,
परत बांधली.

आता दुकान माझ्याकडं आहे.
स्टोव्ह गेले, बादल्या प्लास्टिकच्या झाल्या.
ट्रॅक्टरची रेडिएटरं येतात,
ती मी त्याच हौदात बुडवून बघतो.
बुडबुडा दिसला की गिऱ्हाईक घाई करतं:
सापडलं की भोक, काढा वर.
मी म्हणतो, थांबा.
घड्याळ चाचांबरोबर गेलं, माझ्याकडं मोजायला काही नाही.
पाण्यावरचं शेवटचं वर्तुळ
काठाच्या दगडाला लागेपर्यंत
मी हात बाहेर काढत नाही.