बिघाडाची नोंद

नाक्फाच्या डोंगरात, छतावर दगड आणि काटेरी झुडपं
ओढून घेतलेल्या आमच्या कारखान्यात
दिवस रॉकेलचा असायचा.
लढाई थांबली की खेचरं यायची.
एका बाजूला बंदुका, दुसऱ्या बाजूलाही बंदुकाच;
माणसं वेगळ्या वाटेनं जायची, इस्पितळाकडे.
मी माणसं पाहिली नाहीत. त्यांचे हात पाहिले,
लाकडी दस्त्यांवर उरलेले.

लागोपाठ सात मॅगझिनं रिकामी केलेल्या बंदुकीची
पुढची मूठ आतून कोळसा झालेली असते.
नळीतले आटे झिजतात, गोळी मग
दारुड्यासारखी घर चुकते.
बोल्टमध्ये धूळ कणकेसारखी मळलेली.
तेल नव्हतं. ट्रकच्या इंजिनातलं काळं तेल
फडक्यातून गाळून आम्ही थेंब थेंब वाटायचो;
फडकं म्हणजे कुणाच्या तरी आईची पांढरी नेत्सेला.

बेराखी, माझा उस्ताद, म्हणायचा,
"ही रशियन म्हातारी सैल आहे, म्हणून चालते.
वाळू खाते, खोकते, पुन्हा चालते.
घट्ट बसवली असती तर पहिल्या वाऱ्यालाच रुसली असती.
सैलपणाला नावं ठेवू नकोस, लेतेब्रहान."

त्या पहाटे आलेल्या एकतिसांतल्या एकीला
चिठ्ठी बांधलेली : अडकली. तुकडी चार. गोइतोम.
उघडली.
चेंबर स्वच्छ. पिस्टन घासलेल्या पळीसारखा.
मॅगझिनमध्ये तीस, मोजून तीस.
आणि खटका वरच, बंद,
त्याच्याखाली आठवड्याची धूळ, जागची न हललेली.

बंदूक अडकली नव्हती.

बेराखीनं माझ्या खांद्यावरून पाहिलं,
कानस उचलली आणि पलीकडे जाऊन
काहीतरी घासत बसला, ज्याला घासायची गरज नव्हती.

नोंदवहीत रकाना होता : कारण.
महिनाअखेरी तो वाचायला वरून माणूस यायचा.
मी लिहिलं : एक्स्ट्रॅक्टर झिजला. काडतूस रुतलं. बदलला.
भंगाराच्या डब्यातून एक खरोखर झिजलेला शोधून
पुरावा म्हणून तारेनं पानाला बांधला.

मग ती बंदूक नळीपासून दस्त्यापर्यंत पुसली,
बोल्ट दोनदा खेचला, रिकामाच चाप ओढला.
खट्.
चालत होती. ती नेहमीच चालणार होती.

संध्याकाळी खेचरावर चढवताना
त्याच्याच चिठ्ठीमागे मी लिहिलं :
आता अडकणार नाही.
खेचर वळणापलीकडे गेल्यावर वाटलं,
हा मी त्याला दिलासा दिला
की दम.