दीड मूठ

निपाणीत, शाळेच्या गच्चीवर, डिसेंबरात
तंबाखूचा वास गार होऊन खाली बसलेला.
सातवीच्या अकरा पोरांना म्हटलं,
हात ताठ करा, मूठ वळा.
डोळ्यांसमोर धरा, घोषणा द्यायची नाहीये.

क्षितिजावर एक मूठ, तिच्यावर अर्धी.
तिथं जो एकटाच मिणमिणतोय, तो ध्रुव.
एक मूठ म्हणजे दहा अंश. आपण सोळावर.

सदाशिव भिवशे कुरकुरला, माझी मूठ बारकी आहे, बाई.
हातपण बारका आहे की तुझा.
प्रत्येकाला त्याच्या मुठीनं तेवढंच आभाळ येतं.

मग वहीतला प्रश्न वर आणला:
शेजारी देशांची अक्षांशानुसार तुलना करा.
काठमांडूला पावणेतीन मुठी. थिंफूलाही तेवढ्याच,
एकाच दोरीवर वाळत घातलेल्या दोन राजधान्या.
काबूलला साडेतीन.
कराची आणि ढाका, कधीकाळी एका देशाची दोन टोकं,
दोघांत फरक करंगळीएवढा.
कोलंबोत मूठ भरतच नाही.
मालेत दोन-तीन बोटं, समुद्राला टेकलेली.

आणि मालदीवचं अगदी शेवटचं बेट? शमशाद बागवान.
ते विषुववृत्ताच्या पलीकडं. तिथं ध्रुव पाण्याखाली.
मग तिथली माणसं उत्तर कशी शोधतात?
मला उत्तर सुचलं नाही.

तेवढ्यात मागून कुणीतरी:
आत्या चंदगडला दिलीय, तिच्याकडं ध्रुव किती?
आपल्यापेक्षा कमी. अर्धा अंश. दिसायचं नाही मुठीला.
म्हणजे चंदगड खाली?
खाली. वेंगुर्लाही खाली.
म्हणजे महाराष्ट्र आपल्या दक्षिणेला?
थोडा, म्हटलं, तिकडून.
पोरं हसली. सदाशिव हसला नाही.
त्याचे आजोबा अजून अंगणात खाट टाकतात
ती कोल्हापूरकडं तोंड करून.

जिना चढून कन्नड शाळेचे इरगौडा मास्तर आले.
टॉर्च लगेच विझवला, अंधाराची अदब राखून.
अक्षांशा? त्यांनी विचारलं.
अक्षांश, म्हटलं मी.
शेवटचा आ तेवढा त्यांचा.

त्यांनीही हात ताठ केला, एक डोळा मिटला.
स्वेटरची बाही कोपरापर्यंत घसरली.
दीड, म्हणाले. नंतर पुन्हा मोजून, दीडच.

खाली शिपाई कुलूप वाजवत उभा.
शमशाद अजून दक्षिणेकडं बघत होती,
मूठ उघडून.