अंदाज, काटा, कारण

आप्पांच्या वहीत तीन रकाने आहेत.
सावद्याच्या स्टेशनावर केळीच्या वाघिणी भरायच्या, तेव्हाची वही.
भास्कर दगडू वायकोळे, मापाडी,
घडाकडे एकदाच बघायचे,
ओठांतल्या ओठांत आकडा म्हणायचे,
मगच घड काट्यावर.
आधी बोलायचं, मग तोलायचं.
उलट केलं तर तो अंदाज नव्हे, नक्कल.

मी समुद्राकाठच्या एका अणुभट्टीत गणित करते.
तिथे वितळलेलं सोडियम वाहतं, चांदीसारखं म्हणे,
मी पाहिलेलं नाही.
मी मांडते: या जागी न्यूट्रॉन किती, त्या जागी किती,
नियंत्रण कांडी वीतभर वर घेतली तर काय.
मग नखाएवढे सोन्याचे पत्रे गाभ्यात ठेवतात,
भाजून निघाले की बाहेर काढून
त्यांची टिकटिक मोजतात.
माझा आकडा वर, मोजलेला खाली, मधे रेघ.
भागाकार एक आला की पेढे.

फैजपूर रस्त्याच्या बागेत, पाटाच्या कडेला बसून
हे सगळं मी आप्पांना सांगितलं.
त्यांनी केळीच्या बुडाशी बोट केलं.
घड देऊन ही आडवी होणार,
पिलं आत्ताच गुडघ्याला आलेली.
"तुही भट्टी अशीच ना?"
अशीच. जळता जळता भोवतीच्या आवरणात
नवं इंधन पिकवते.
"किती पिकलं, हे मोजलं का नुसतं मांडलं?"

मोजलं, म्हटलं. यंदा भागाकार
एक पूर्णांक शून्य शून्य.
ते हसले नाहीत. वही आण म्हणाले.

पान पिवळं, कडेला चिकाचा काळा डाग.
अंदाज सोळा किलो. काटा सोळा.
आणि तिसऱ्या रकान्यात, जिथे काही लिहायची गरजच नव्हती:
*फण्या नऊ धरल्या, होत्या आठ.
दांडा हलका धरला, निघाला जड.
दोन चुकांनी एकमेकींची लाज राखली.
हा अंदाज धरू नये.*

रात्री गच्चीवर लॅपटॉप उघडला.
सातपुड्यावर कुठेतरी वणवा, बारीक लाल रेघ.
एकाचा आकडा अनेकांत फोडून पाहिला:
सोडियमचं विखुरणं वर ओढतंय,
लोखंडाचं तितकंच खाली,
प्लुटोनियम मधे साळसूद.
दांडी सरळ, कारण दोन्हीकडून ताण.

खालून खाटेवरून आवाज आला,
"आन काटा? काटा खरा हाये, हे तुले कोनं सांगतलं व?"

ते रोज सकाळी पहिल्या घडाआधी
सुकी नदीतला एक काळा गोटा काट्यावर ठेवायचे.
त्याचं वजन त्यांना पाठ होतं, काट्याला नव्हतं.
आमचा गोटा शिशाच्या डबीत असतो, मुगाएवढा,
सोबत प्रमाणपत्र.
त्याच्यावरची तारीख आठवेना.
तारीख आठवेना म्हणून झोप येईना.
पहाटे चार वाजता लिहिलं: अहवाल थांबवा,
मोजणाऱ्यालाही मोजायचंय.

सकाळी घड उतरत होते.
आप्पांनी एकाकडे हनुवटी केली. "सांग."
मी एकदाच बघितलं. "एकोणीस."
काटा आता बॅटरीवरचा, लाल आकड्यांचा.
तेवीस किलो चारशे.
वही पुढे आली, टोपण काढलेलं पेन आलं.
तिसऱ्या रकान्यात मी लिहिलं,
*ऊन डोळ्यांवर होतं.*

त्यांनी ते खोडलं.