एक ओळ जास्त

तार्तू. तळघर. रात्रीचे दहा.
तुमची अकरा वर्षं माझ्याकडे आली
एका ओळीत.
वह्या टाइप करणारा एंटर दाबायचं विसरला,
किंवा कुठल्याशा मशीननं सगळे एंटर गिळले, कुणास ठाऊक.
ओळी मोज म्हटलं. उत्तर आलं: एक.

एव्हाल्ड, दीपगृहाचे राखणदार,
पडद्याच्या उजव्या कडेपलीकडे तुमचा वारा वाहतोच आहे.
बाण दाबून दाबून बोट दुखलं
आणि अजून पहिलाच मार्च.

मग काळ्या खिडकीत सेडला बोलावलं.
आधी हावरटपणा केला: टिंब आणि चांदणी,
म्हणजे काहीही, कितीही.
तिनं एका घासात सगळे हिवाळे खाल्ले,
शेवटची तारीख तेवढी ताटात ठेवली.

राईचा पाव चावत पुन्हा लिहिलं, सावकाश:
एक किंवा दोन अंक, टिंब, दोन अंक, टिंब.
असं दिसेल तिथे, त्याच्या अगोदर, तोड.
(टिंबाला तिरक्या रेघेचा टेकू हवा,
नाहीतर टिंब म्हणजे कुणीही येरागबाळा.)

तुटलं.

१४.०२. वारा ईशान्य, सात. दिवा पाचला.
१५.०२. बर्फ धक्क्यापर्यंत. दिवा पाचला.
१६.०२. तेच.

अकरा वर्षांचे दिवस चार हजार अठरा.
ओळी चार हजार एकोणीस.
सुरुवातीची रिकामी ओळ मी पुसली होती, शपथ.
महिने वेगळे काढून चाळले:
बारा निघाले,
आणि एक चाळिसावा.

३.४०. मुलगी. दोघी ठीक.

चाळिसाव्या महिन्याची तीन तारीख!
मी एकटीच हसले. मग वरची ओळ वाचली:

०३.१२. वादळ. होडी येणार नाही. हेल्गीला कळा. जन्म पहाटे

एवढंच. पुढे काही नाही.

एरवी तुम्ही मिनिटं लिहीत नाही.
पाचला, सहाला, दुपारी, अंधार पडल्यावर.
अकरा वर्षांत एकदाच
घड्याळाकडे नीट पाहिलंत.

नियम घट्ट करता येतो:
दुसऱ्या जोडीत आधी शून्य किंवा एक. पाच सेकंदांचं काम.
कर्सर 'पहाटे'च्या पुढे लुकलुकत राहिला,
पाव संपला,
वर कुणीतरी दार ओढून घेतलं.
वहीत तुमची ओळ तिथे तुटली होती का,
मला कळायला मार्ग नाही.

अहवालात लिहिलं:
ओळी ४०१९. एक जास्त आहे. पाहिली आहे.
आणि त्याखाली, कुणी विचारलं नव्हतं तरी:
०३.१२. रोजी दिवा कधी लावला, नोंद नाही.