तैलरंग, तीन फूट बाय चार

विश्वस्तांनी दिलेला फोटो
कुठल्याशा स्नेहसंमेलनातला. गळ्यात हार,
चष्म्याच्या दोन्ही काचांवर फ्लॅश फुटलेला,
म्हणजे डोळे नाहीतच.
'बाकी तुम्ही कलाकार. जरा प्रसन्न करा,'
झवेरी म्हणाले, आणि आगाऊ रकमेचा चेक
टेबलावरून सरकवला, उत्तरपत्रिकेसारखा उपडा.

घरी येऊन मी फोटो
भिंतीकडे तोंड करून ठेवला.
तळपदेबाई मला पाठ आहेत.
डाव्या बाजूने.

गावदेवीच्या त्या शाळेचं फाटक
ऑफिसातल्या घड्याळावर बंद होई, सात दहाला.
माझे वडील सिनेमाची बॅनरं रंगवत, रात्री, परांचीवर.
खाली मी, हातात डबा,
नायिकेच्या गालाचा गुलाबी घोटत.
पहाटे रॉकेलने हात धुवायचे,
माझगावहून चालत निघायचं,
आणि वाटेत कुठेतरी दोन-चार मिनिटं सांडायची.

उशिरा आलेल्यांनी ऑफिसात उभं राहायचं,
घड्याळाखाली, पहिला तास संपेपर्यंत.
बाई लिहीत असत.
मान वर केली तरी नजर
आमच्या डोक्यांवरून जाई, थेट काट्यांवर.

चार वर्षं मी तो कान पाहिला.
कानाची पाळी फाटलेली, जुनी जखम,
मिटल्या ओठांसारखी.
कुणी म्हणे लहानपणी चोराने कुडी ओढली,
कुणी म्हणे नवऱ्याने.
आम्हा पोरांना दोन्ही खरं वाटे.
कानात बाईंनी कधी काही घातलं नाही.

एकदा न बघताच म्हणाल्या, 'रॉकेलचा वास कुणाला येतोय?'
मी हात वर केला.
'खिडकीपाशी उभा राहा.'
खिडकीपाशी वारा होता, खाली बदामाचं झाड.
ती शिक्षा होती की सोय,
माझं अजून ठरत नाही.

तर कान आधी काढला.
मग जबडा, मग खडूने राखाडी पडलेला पदर.
डोळे शेवटी, किंचित वर बघणारे.
झवेरी आले, पाठीमागे हात बांधून उभे राहिले.
'छान. पण हे काय, इथे मोती घाला.'
घातला. टपोरा, पाणीदार,
वर पांढऱ्याचा एक टिपका.
खालची फट मात्र बुजवली नाही.
मुंबईची दमट हवा आहे,
चाळीस-पन्नास वर्षांत रंग तडकतो.
तेव्हाच्या विश्वस्तांनी बघून घ्यावं.

अनावरणाला बाई स्वतः आल्या.
नव्वदीच्या, चाकाच्या खुर्चीत, कानामागे यंत्र.
पडद्याची दोरी अडकली,
ती भिकाजी शिपायाने स्टुलावर चढून सोडवली,
आता त्याचेही गुडघे वाजतात.
टाळ्या. भाषणात 'ज्ञानयज्ञ' तीनदा.
बाईंनी चित्राकडे पाहिलं,
म्हणजे चित्राच्या जरा वर,
आणि विचारलं,
'इथलं घड्याळ कुठे नेलंत?'

'स्टोअरात, बाई. दर सोमवारी चावी देतो.
तुम्ही लावलेलं तसंच चालू ठेवलंय,
सात मिनिटं पुढे.'

'बरं,' म्हणाल्या. समोसा नको म्हणाल्या.
माझी ओळख करून दिली कुणीतरी.
माझ्या चेहऱ्याशी त्या फार थांबल्या नाहीत,
हातांशी थोडा जास्त वेळ.

परतताना नागपाड्यापर्यंत चालत आलो.
सात दहातून सात गेले.
चार वर्षं, आठवड्यातून निदान तीन दिवस,
त्यातला कितीदा मी वेळेवर होतो
ते बोटांवर मोजत होतो,
आणि पेरांत अजून
मोत्याचा पांढरा.